नाव विचारल्याशिवाय

आमच्या रविवारच्या टोळक्यात झुडपातून आवाज आला रे आला की नाव सांगून मोकळं व्हायची शर्यत लागायची, आणि ती बहुतेक वेळा मीच जिंकायची. मी जन्माची घाईची बाई. शिंपी! सुभग! वटवट्या! बरोबर की चूक ते मागाहून. सगळ्यांचं सांगून झालं की मागून कुमुदताई गावंडे शांतपणे विचारायच्या, "नाव विचारलं का त्याले?"

नवीन आलेला माणूस हसायचा. त्याला वाटायचं, म्हातारी गंमत करून राहिली. गंमत नव्हती. कुमुदताई डोळे मिटून, उजवा तळवा कानावर धरून उभ्या राहायच्या. एकदा ऐकलेल्या आवाजावर त्यांनी कधी पक्ष्याचं नाव सांगितलं नाही. तो पुन्हा बोलायला हवा, जमलं तर दुसऱ्या फांदीवरून, आणि शक्य असेल तर बाहेर येऊन तोंड दाखवून. तोवर आमचे पाय दुखायचे, डास फोडून काढायचे, कोणीतरी तर्री-पोह्यांची आठवण काढायचं. ताई जागच्या हलायच्या नाहीत. शेवटी मान डोलवून म्हणायच्या, "हं. शिंपीच आहे. तू बरोबर होती वं." मग तर मला आणखीच राग यायचा. बरोबर होते ना, मग एवढा वेळ कशाला घालवला?

कुमुदताईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात गेली. ट्रंक कॉल बुक करून माणसं दिवसदिवस फोनजवळ बसून राहायची, त्या काळातल्या त्या ऑपरेटर. डोक्याला हेडसेट, समोर दोऱ्या खुपसायचा बोर्ड, आणि कानात गावोगावचे आवाज. नोकरी सुटली, भाषा सुटली नाही. बारमाही पक्षी त्यांच्या लेखी 'लोकल' आणि थंडीत दूरदेशाहून येणारे 'ट्रंक'. कावळ्यांनी कालवा केला की "लाईन बिझी आहे, थांबा." दोन पक्षी एकदम बोलले की "क्रॉस कनेक्शन." पाखरांची ओळख मात्र त्याआधीची, सावनेरकडच्या माहेरच्या शेतातली. लहानपणी ज्वारीच्या मचाणावर बसून पाखरं हाकलायचं काम त्यांच्याकडे होतं. हाकलता हाकलता ओळख झाली, एवढंच सांगायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा हैदराबादला, आणि ताई सक्करदऱ्यात तलावाजवळच्या दोन खोल्यांत एकट्या.

ज्याला पक्ष्यांचा नाद नाही त्याला वाटेल, एवढं काय त्यात? कोकिळ कोणाला ओळखू येत नाही? पण खरी पंचाईत लहान पाखरांत आहे. तलावाकाठच्या एकाच झुडपात शिंपीही राहतो आणि राखी वटवट्याही. दोघंही अंगठ्याएवढे, दोघांचीही शेपटी वर, दोघंही एकच अक्षर घोकत बसणारे. शिंप्याचा आवाज त्याच्या देहाला न शोभणारा खणखणीत, वटवट्याचा थोडा नाकातला. पण पानांआडून, वाऱ्यात, रस्त्यावरच्या ऑटोच्या भोंग्यात हे 'थोडं' कोणाला कळतंय? कुमुदताईंना कळायचं. तरी त्या थांबायच्या. वटवट्या उडाला की काडी मोडल्यासारखा कट्‌कट् आवाज येतो, त्या काडीची वाट बघायच्या. त्यांचं म्हणणं एकच, की आवाज कोणाचाही कोणासारखा असू शकतो, दुसरी खूण पाहिजे.

आमच्यातल्या दातांच्या डॉक्टरांनी मोबाइलवर आवाज ओळखणारं अ‍ॅप घेतलं तेव्हा आम्हाला वाटलं, झालं, आता ताईंची सुट्टी. पहिल्याच सकाळी अ‍ॅपनं सांगितलं, शिक्रा. आम्ही सगळे माना वर करून ससाण्यासारखं काही दिसतं का ते शोधायला लागलो. ताई खाली बघून हसत होत्या. विजेच्या तारेवर कोतवाल बसला होता, काळाकुळकुळीत, आणि शिक्र्याची हुबेहूब नक्कल करून बाकीच्या पाखरांना पळवून लावत होता, म्हणजे किडे याला एकट्याला. डॉक्टर ओशाळले. ताई म्हणाल्या, "वाईट नको वाटून घेऊ गा. आवाज बरोबरच ओळखला त्यानं. माणूस चुकला."

चिवडा खाल्लेला त्यांना चालायचा नाही. फिरताना कोणी तोंडात काही टाकलं की म्हणायच्या, आता स्वतःच्या दातांचाच आवाज ऐकत बस. एका हिवाळ्यात तलावामागच्या बाभळीत एक ट्रंकवाला येऊन राहिला. दिवसभर नुसतं चक्, चक्. बोरू वटवट्या असेल, नाहीतर पांढऱ्या गळ्याचा वटवट्या असेल. दोघांचं हे 'चक्' असं सारखं की भले भले हात टेकतात. आम्ही आपापलं मत देऊन मोकळे झालो. ताई थंडीभर जाऊन त्या बाभळीखाली उभ्या राहिल्या. तो काही बाहेर आला नाही, आणि ऊन तापल्यावर निघून गेला. डॉक्टरांनी विचारलं, मग काय लिहू? ताई म्हणाल्या, काहीच लिहू नको. गेला बिचारा नाव न सांगता. चुकीचं नाव घेऊन जाण्यापेक्षा बरं.

हे सगळं त्यांच्या म्हातारपणाचं आणि नोकरीचं वेड आहे, असं मी धरून चालले होते. मुळात माझी आणि त्यांची ओळखच आवाजावरून झाली होती. बाबा गेल्यावर मी आईला माझ्याकडे आणलं, त्याच सुमाराची गोष्ट. तलावाच्या पायवाटेवर एक बाई मधोमध उभी होती. मी मागून म्हटलं, "अहो, जरा सरकता का?" ती गर्रकन वळली. माझ्याकडे बघण्याऐवजी माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि विचारलं, "तुझं माहेर इतवारीतलं का? भांड्याच्या दुकानाचं?"

बाप्पा! मी उडालेच. कसं काय ओळखलंत, तर म्हणे आवाजावरून, आईचाच आवाज आहे तुझा. माहेरी दुकानात फोन होता, आई त्यावरून आजीला सावनेरला कॉल लावायची, त्यामुळे ऑपरेटरला आवाज माहीत असणार हे मला पटलं. इतक्या वर्षांनी तो लक्षात राहावा याचं मी सगळ्या कॉलनीत कौतुक केलं. त्यांनी पुढे विचारलेला प्रश्न मात्र मी कोणाला सांगितला नाही, कारण तो मला विचित्र वाटला होता. आई आहे का, असं विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "बोलते का?"

मी म्हटलं, बोलते, पण फार नाही. त्यावर त्या बाकावर बसून राहिल्या, आणि पुढच्या रविवारी मला पाखरं बघायला न्यायला आल्या.

आई फार बोलत नाही, हे खरंच होतं. आमच्या घरात त्याला कारण होतं आणि ते कारण सगळ्यांना ठाऊक होतं. इतवारीतलं दुकान बाबांचं आणि त्यांच्या मोठ्या भावाचं, म्हणजे आमच्या मोठेबाबांचं. मी अगदी लहान असताना बाबांनी रायपूरला वेगळं दुकान काढायचं गुपचूप ठरवलं होतं. घरात ते फक्त आईला माहीत होतं. आणि एका संध्याकाळी मोठेबाबा जेवणाच्या पाटावर बसून म्हणाले, मले सगळं माहीत आहे, उद्यापासून तुझं तू पाहा. कोणाकडून कळलं ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. सांगायला कशाला हवं? आईशिवाय होतं कोण? घर फुटलं, रायपूर फिसकटलं, बाबा दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला लागले आणि आईला आयुष्यभराचं बिरुद मिळालं. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आम्ही भावंडं त्या वाक्यावर वाढलो. परीक्षेत नापास झालो, आईला सांगू नका. भावाचं जमलं, आईला सांगू नका. शेवटी बाबांच्या पोटात गाठ निघाली तेव्हाही बाबा म्हणाले, आईला सांगू नका, गल्लीभर होईल. आम्ही नाही सांगितलं. साधं पित्त आहे म्हणत राहिलो. तिला दवाखान्यात कळलं, तेही नर्सच्या बोलण्यातून, बाबांची शुद्ध गेल्यावर. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली होती. मी नजर फिरवून औषधाच्या दुकानात गेले.

कुमुदताई रविवारी मला घ्यायला आणि सोडायला फाटकापर्यंत यायच्या, पण आत कधी आल्या नाहीत. चहाला या म्हटलं की गुडघे दुखायचे, नाहीतर दूध तापवायचं राहिलेलं असायचं. आणखी एक होतं. आमच्या फाटकापाशी त्या कुजबुजत बोलायच्या. वर गॅलरीत आई बसलेली असायची. मी समजायची की समोरच्या कडुलिंबावर काही बसलं असेल, म्हणून ताई हळू बोलून राहिल्या. जाताना दर वेळी विचारायच्या, आई काय करून राहिली? मी सांगायची, निवडत बसली, नाहीतर झोपली. ते ऐकून घेऊन जायच्या.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या टोळक्यानं जंगलात दोन दिवस राहायला जायचं ठरवलं. तलावाकाठी पोहे खाता खाता बेत चालला होता. डॉक्टर म्हणाले, घरी आईंना चालेल ना तुम्ही नसलेलं? मी हसत म्हटलं, आईला अजून सांगितलंच नाही, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, आतापासून सगळ्या कॉलनीला कळेल. सगळे हसले. असे विनोद मी नेहमी करायची.

कुमुदताईंनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. "कोणी सांगितलं तुले?" त्या म्हणाल्या. "तू ऐकलं होतं का? तुह्या कानानं?"

त्यांचा तो आवाज आम्ही कोणीच कधी ऐकला नव्हता. मी काहीतरी पुटपुटले, घरात सगळेच म्हणतात वगैरे. "सगळे म्हणतात," त्या म्हणाल्या, "म्हणून तू बी म्हणून राहिली. काहून विचारलं नाही तिले?" आणि प्लेट तशीच टाकून घरी गेल्या. मला चारचौघांत लाज वाटली, आणि म्हातारीचं डोकं फिरलं, असंही मी डॉक्टरांना म्हटलं.

दुपारी त्यांचा फोन आला, ये म्हणून. भर एप्रिलची दुपार. खोलीत कूलर घरघरत होता. त्यांनी तो बंद केला, म्हणाल्या, मले हे नीट सांगायचं आहे. घाम पुसत त्यांनी जे सांगितलं ते असं.

त्या काळी पी.पी. कॉल असायचा. म्हणजे अमुक एका माणसाशीच बोलायचं आहे, दुसऱ्याला द्यायचा नाही. ऑपरेटरनं आधी नाव विचारायचं, आपण स्वतः बोलताहात का ते पक्कं करायचं, आणि मगच जोडायचा. एक दिवस रायपूरहून माझ्या बाबांच्या नावाचा पी.पी. कॉल आला. कुमुदताईंनी दुकानात घंटी दिली. पलीकडून हॅलो आलं. बाबांचाच आवाज. शेकडो आवाज त्या ओळखायच्या, सगळ्या एक्स्चेंजात त्यांचं नाव होतं, आणि त्याचा त्यांना तोरा होता. नाव न विचारताच त्यांनी जोडून दिलं. मधे लाईन नीट आहे का म्हणून एकदा कान घातला, तर रायपूरवाला सांगत होता, जागा पक्की करतो, मोठ्या भावाला कळू देऊ नका. इकडून नुसतं हं, हं. मग इकडचा आवाज म्हणाला, नको आम्हाले जागा, पुन्हा फोन करू नका. ताईंना वाटलं, माणसाचं मन बदललं असेल. संध्याकाळी दुकानातूनच एक्स्चेंजला फोन आला. तोच आवाज. "रायपूरहून माझा कॉल यायचा होता, आला का?"

"तेव्हा मले समजलं," कुमुदताई म्हणाल्या. "दोघं भाऊ. सख्ख्या भावांचे आवाज. मी त्याले सांगितलं, नाही आला, लाईन खराब आहे."

मोठेबाबांचा आणि बाबांचा आवाज सारखा होता, हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. दाराबाहेरून कोणी हाक मारली की आम्ही फसायचो, हसायचो. एवढं माहीत असून त्या संध्याकाळचं कोडं घरात एकालाही सुटलं नव्हतं. बाबांनी लाजेनं रायपूरला पुन्हा विचारलं नाही. आणि मोठेबाबा कशाला सांगतील, की मी भावाच्या नावाचा फोन चोरून ऐकला?

"एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं," ताई म्हणाल्या. "चूक तर चूक. नोकरी गेली असती फार तर. पण पुढं काही दिवसांनी तुझ्या आईचा फोन आला. कुठूनतरी शेजारून केला असन. म्हणे, बाई, त्या दिवशी रायपूरचा कॉल कोणाले जोडला होता, सांगता का? माह्यावर आळ आला आहे."

मी विचारलं, मग तुम्ही काय म्हटलं?

"म्हटलं, रेकॉर्ड नाही राहत, बाई."

बाहेर कुठेतरी तांबट टुकटुक करत होता. एरवी आम्ही दोघींनी मान वर केली असती. ताई पदराशी चाळा करत म्हणाल्या, तिनं आणखी काही विचारलं नाही, बरं म्हणून फोन ठेवला. तो आवाज माह्या कानातून गेला नाही. त्या दिवशी तलावावर तू मागून बोलली, मले वाटलं तीच आली, विचारायले. इतकी वर्षं फाटकापर्यंत येऊन राहिली मी. आत पाय नाही उचलत. तू ने मले तिच्याकडे.

मला आधी रागच आला. तरातरा घरी आले. मग तो राग कुठे ठेवावा तेच कळेना. या बाईनं आईवर आळ येऊ दिला हे खरं, पण तो आळ रोज नव्यानं लावत कोण होतं? आज सकाळीच पोहे खाता खाता कोण हसत होतं? कुमुदताईंनी एक खोटं सांगितलं आणि त्यासाठी त्या चाळीसेक वर्षं झुरल्या. आम्ही तर आईला तिचा नवरा मरणार आहे हेही सांगितलं नाही, आणि शहाणपणा केला असं समजत राहिलो.

राग निवळल्यावर ताईंना नेते म्हटलं, पण नेलं नाही. आईचं वय झालंय, बीपी आहे, जुनं उकरून काय मिळणार, अशी कारणं मी स्वतःला देत होते. खरं कारण वेगळं होतं. आई निर्दोष निघाली की ती माझ्याकडे बघेल, आणि या वेळी औषधाचं दुकान नसेल. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. कुमुदताईंनी एकदाही आठवण करून दिली नाही. फाटकापाशी थोडं जास्त वेळ उभ्या राहायच्या, एवढंच. जंगलातला तो मुक्काम मी कधीच रद्द केला होता.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी पळसाच्या झाडात शिंजीर किणकिणत होता. बारीक, उंच सूर. आम्ही सगळे वर बघत होतो आणि ताई आमच्याकडे बघत होत्या. मग स्वतःच म्हणाल्या, काही बोलून राहिला का तो? मले ऐकू नाही येऊन राहिलं. वय झालं की आधी बारीक आवाज जातात. परतताना त्या मला हळूच म्हणाल्या, "लवकर ने वं. कान गेल्यावर तिनं शिव्या दिल्या तरी मले कळणार नाही."

त्याच आठवड्यात मी त्यांना जिना चढवून वर आणलं. आई गॅलरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, मांडीवर सुपात हिरवे सोले. मी ओळख करून द्यायला तोंड उघडलं, तर ताईंनी माझा हात दाबला. खुर्ची दिली तरी त्या आईसमोर खालीच बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, मी एक्स्चेंजातून आली आहे."

आईचा हात शेंगेवर थांबला. तिनं ताईंच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. सुपाकडे बघत म्हणाली, "रेकॉर्ड नाही राहत, म्हणाल्या होत्या तुमी."

ताई रडायला लागल्या. रडत रडत सगळं बोलल्या, आपला तोरा, न विचारलेलं नाव, लाईन खराब आहे हे खोटं. सगळं झाल्यावर आई म्हणाली, मले तवाच समजलं होतं. तुमचा आवाज कापून राहिला होता. घरी सांगितलं मी या पोरायच्या बाबाले, की फोन भासऱ्यानं, मोठेबाबानं, उचलला असन, एकदा रायपूरले विचारून तर पाहा. ते म्हणे, आता ऑपरेटरवर ढकलून राहिली.

"आई, आम्हाला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं. किती मूर्ख प्रश्न होता तो, हे विचारतानाच मला कळलं.

"तुमी कधी विचारलं?" आई म्हणाली. रागानं नाही. शेंग मोडत म्हणाली.

माफ केलं, असं काही ती ताईंना म्हणाली नाही. ज्याच्या कानी हे पडायला हवं होतं तो तर गेला, एवढंच म्हणाली, आणि मग शेंगांचा अर्धा ढीग त्यांच्यापुढे सरकवला. दोघी अंधारून येईपर्यंत सोलत बसल्या. मी चहा केला, तो दोघींनी गार झाल्यावर घेतला. निघताना ताईंनी दारात पायात चपला घालता घालता आईला विचारलं, "तुमचं नाव काय, बाई?" इतकी वर्षं त्यांना फक्त आवाज माहीत होता. आई म्हणाली, "विमल." आणि थोड्या वेळानं, "पोचल्या की फोन करा."

आईकडे फोन नाही. फोन यायचा तो माझ्याच मोबाइलवर. कुमुदताईंचं घर पाच गल्ल्यांवर, त्यामुळे लगेच वाजला. पडद्यावर त्यांचं नाव आलं, मी उचलला, हॅलो म्हटलं. माझा आवाज त्या झोपेतही ओळखायच्या. त्यांच्या पुतण्याचा फोन मला आला तो पुढच्याच महिन्यात, त्या झोपेतच गेल्याचा. मधल्या एकाही रविवारी थंडीनं त्या आल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांची शेवटची भेट म्हणावी तर ती हीच, फोनवरची, कानानं झालेली.

त्या संध्याकाळी माझं हॅलो त्यांनी ऐकून घेतलं. मग एकदम सरळ, कोवळ्या, नोकरीतल्या आवाजात विचारलं, "विमलबाई स्वतः बोलताहेत का?"

मी म्हटलं, नाही. आणि फोन आईच्या हातात दिला.